बेवारस कुडीचा इतिहास

खाटकाकडं जाऊन काळीज मागा. तो यकृत कापून देईल. कवीकडं मागा, तो छातीवर हात ठेवून हृदयाबद्दल बोलायला लागेल. मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या काळीज देतोय, काळीज तोडतोय, काळजाला घरं पाडून घेतोय, आणि हे जे तुटतंय ते उजव्या बरगडीखालचं का छातीच्या डाव्या अंगाचं, ह्याचा भाषेला पत्ता नाही. असं का झालं? जे लिहीत होते त्यांनी कुणाचं पोट उघडून आत बघितलं नाही. ज्यांनी उघडून बघितलं त्यांना लिहिता येत नव्हतं. म्हंजे येऊ दिलं नव्हतं.

शाळेत शास्त्राच्या तासाला भिंतीवर माणसाच्या शरीराचा तक्ता टांगतात. तांबड्या धमन्या, निळ्या शिरा, गुंडाळलेली आतडी. मास्तर पट्टी लावून नावं सांगतात, पोरं पाठ करतात. ह्या तक्त्यातला माणूस कोण, हे कुणी विचारत नाही. पण हे चित्र कुणी स्वप्नात बघून काढलेलं नाही. कुणीतरी मेजावर उताणं पडलं होतं, कुणीतरी त्याला उघडलं, कुणीतरी बघून काढलं. मला त्या पडलेल्या माणसाचा माग काढायचाय. मी डॉक्टर नाही. सूतगिरणीत कामाला आहे, शाळा मधेच सुटली, जे वाचलं ते रद्दीच्या दुकानातनं आणि वाचनालयातनं. तेव्हा कुणा पदवीधारकाला हे उद्धटपणाचं वाटलं तर वाटो.

आधी आपल्या घरचं सांगतो. मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून नेणं, त्याची कातडी काढणं, हे काम आमच्या आज्या-पणज्यांच्या गळ्यात बांधलेलं होतं. त्या कामाची घाण सगळ्यांनी सांगितली. त्यातलं ज्ञान कुणी सांगितलं नाही. कातडीला भोक पडलं तर तिची किंमत जाते, म्हणून सुरी कुठवर जाऊ द्यायची आणि कुठं नुसत्या मुठीनं कातडं सोडवायचं हे हाताला कळावं लागतं. कातडीखाली पातळ पडदा, त्याखाली चरबी, मग मांस. पित्ताची पिशवी फुटू न देता काढायची, नाहीतर सगळं कडू. सांध्यात सुरी कुठं घातली म्हंजे हाड न तोडता पाय सुटतो. कुठली शीर वाळवून तात होते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात, हे आमच्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एक मोठा पिशवीसारखा, दुसरा मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार, तिसऱ्यात पानावर पान, पानावर पान, एखाद्या पोथीसारखी. खरी पोथी शिवू दिली नाही, तर ही पोथी त्यांनी उलटून बघितली.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं, मेलेलं ढोर खाणं सोडा, ही घाणीची कामं टाका. लोकांनी टाकली. बरोबर केलं. मला त्या कामाची आरती ओवाळायची नाही. पण इतिहास लिहायचा तर हिशेब पुरा मांडला पाहिजे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलन नावाचा वैद्य होता. तिथं माणसाचं प्रेत कापायची सोय नव्हती, म्हणून त्यानं माकडं कापली, डुकरं कापली, बैलं कापली, आणि त्यावरनं माणसाचं शरीर लिहिलं. पुढची तेराशे वर्षं युरोपातले पंडित जनावरांची हाडं माणसाची म्हणून शिकत राहिले. आमचे म्हातारे ह्या गॅलनच्याच शाळेतले. फरक एवढाच, की तो बादशहाचा वैद्य झाला आणि आमच्यांना विहिरीवर पाणी मिळालं नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडं सुश्रुत होता. होता. आणि खरंच मोठा माणूस होता. त्याच्या संहितेत शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात प्रेत कसं तपासावं ते सांगितलंय. विषानं मेलेलं नको, फार दिवस आजारी असलेलं नको, शंभरीचं म्हातारं नको. आतड्यातला मळ काढायचा, मुंज-कुश-ताग असल्या कशात तरी गुंडाळायचं, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडबाजूला ठेवायचं. सात रात्रींनी बाहेर काढायचं आणि वाळ्याच्या, केसांच्या, बांबूच्या कुंचल्यानं हळूहळू घासत एकेक थर सोडवायचा, डोळ्यांनी बघायचा. सुरी लावायची गरज नाही, पाणीच शरीर सैल करून देतं. नुसतं शास्त्र वाचून चालत नाही, डोळ्यांनी बघितलं पाहिजे, असं तो बजावतो. त्यानं हाडं तीनशे मोजली. आजच्या हिशेबानं मोठ्या माणसात २०६ असतात. त्यानं दात धरले, कूर्चा धरली, म्हणून आकडा फुगला. आकडा चुकला तरी रीत बरोबर होती.

मग ही रीत गेली कुठं? मनुस्मृती उघडा. पाचव्या अध्यायात एक ओळ आहे. तिच्यात कुणाकुणाला शिवलं म्हंजे आंघोळ करायची त्यांची यादी आहे: चांडाळ, विटाळशी बाई, पतित, बाळंतीण, प्रेत, आणि प्रेताला शिवलेला. शरीराचं ज्ञान जिथनं मिळायचं ती सगळी दारं एकाच ओळीत बंद. बाळंतिणीजवळ गेल्याशिवाय गर्भाशय कळत नाही, प्रेताला हात लावल्याशिवाय हाड कळत नाही. दहाव्या अध्यायात आणखी एक ओळ आहे. ज्याला नातलग नाही त्याचं प्रेत चांडाळानं उचलायचं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं दीड-दोन हजार वर्षांनी इंग्रजांच्या कायद्यात हाच माणूस परत भेटणार आहे. ज्याला कुणी नाही तो. आणि त्याला उचलणारा, ज्याला कुणी शिवत नाही तो. वैद्य राहिले नाडीवर. सुईणपण गेलं आमच्या आयाबायांकडं. मढी गेली आमच्या बाप्यांकडं.

युरोप काही निराळा नव्हता. तिथल्या जुन्या विद्यापीठांत शरीर शिकवायची तऱ्हा अशी: प्रोफेसर उंच खुर्चीवर बसून गॅलनची पोथी वाचणार. खाली मेजावर प्रेत. ते कापणार न्हावी. तिसरा एकजण काठीनं दाखवणार. प्रोफेसर खाली उतरत नाही आणि न्हाव्याला लॅटिन कळत नाही. पोथीत एक आणि मेजावर दुसरं, तरी कुणाच्या बापाला कळत नाही. आपल्याकडचंच चित्र वाटतं की नाही? १५४३ साली वेसालिअस नावाच्या २८ वर्षांच्या पोरानं पुस्तक छापलं. तो पादुआला शिकवायचा. हा खुर्चीवरनं उतरला, न्हाव्याला बाजूला केलं आणि सुरी स्वतः घेतली. पुस्तकाच्या पहिल्याच चित्रात त्यानं स्वतःला तसं काढून घेतलंय, उघडलेल्या प्रेतावर हात ठेवून. ते प्रेत बाईचं आहे. त्यानं सांगितलं, माणसाच्या खालच्या जबड्याचं हाड एकच असतं, गॅलन म्हणतो तशी दोन नाहीत. साधी गोष्ट. तेराशे वर्षं कुणी बोट लावून बघितली नव्हती. त्याला प्रेतं मिळायची ती फाशी दिलेल्यांची.

नंतर आला हार्वी, इंग्लंडचा, १६२८ साली. गॅलन म्हणायचा की खाल्लेल्या अन्नाचं रक्त यकृतात तयार होतं आणि अंगात जाऊन जिरतं. हार्वीनं हिशेब केला. आजच्या आकड्यांत सांगायचं तर हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. मिनिटाला ७० ठोके. म्हंजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर. तासाला ३०० लिटर. एवढं रक्त यकृत कुठनं करणार, आणि त्यासाठी माणूस किती खाणार? अंगात रक्तच मुळी सगळं मिळून ५ लिटरच्या आसपास असतं. तेव्हा तेच रक्त फिरतंय. हृदयातनं धमनीत, धमनीतनं शिरेत, शिरेतनं परत हृदयात. दंडाला फडकं आवळून बांधा, शिरा खालच्या बाजूला टरारतात, वरच्या नाही. शिरांना आतनं झडपा आहेत, एकाच दिशेनं उघडणाऱ्या. हे बघायला कुणाचं प्रेतही लागत नाही, गिरणीत दिवसभर उभ्या राहिलेल्या कुणाही कामगाराच्या पोटऱ्या बघा. उभं राहून राहून झडपा नादुरुस्त झाल्या की शिरा दोरखंडासारख्या फुगतात. तर खाटकाचं काळीज आणि कवीचं काळीज ह्यांचा झगडा १६२८ साली मिटला. मराठीला अजून कळवायचंय.

प्रेतं कमी पडायला लागली. इंग्लंडात नुसत्या फाशीवाल्यांवर भागेना. मग कबरी उकरून प्रेतं विकणारे निघाले. एडिंबरोमध्ये १८२८ साली बर्क आणि हेअर ह्या दोघांनी उकरायचे कष्ट वाचवले आणि सरळ माणसंच मारली. सोळा. भिकारी, म्हाताऱ्या, भाड्यानं राहणारे, ज्यांची चौकशी कुणी करणार नाही असे. आणि प्रेतं शरीरशास्त्राच्या एका मोठ्या डॉक्टरला विकली. बर्कला १८२९ साली फाशी दिलं, मग त्याचंच प्रेत विद्यार्थ्यांपुढं फाडलं. सांगाडा अजून तिथल्या संग्रहालयात आहे. डॉक्टरवर खटला झाला नाही.

ह्या बोभाट्यानंतर १८३२ साली इंग्लंडात कायदा झाला. त्यानं काय केलं? आधी खुन्याचं प्रेत कापायचे, ती शिक्षा होती. आता गरिबाचं कापायचं ठरलं. अनाथगृहात, इस्पितळात जो मेला आणि ज्याचं प्रेत न्यायला कुणी आलं नाही, तो कॉलेजाच्या मेजावर. खून केला म्हणून जे भोगायचं ते कंगाल मेला म्हणून भोगायचं.

ह्याच कायद्यानं मिळालेल्या प्रेतांवर जगातलं सगळ्यात प्रसिद्ध शरीरशास्त्राचं पुस्तक उभं राहिलं. ग्रेज अ‍ॅनाटॉमी, १८५८. डॉक्टरकीच्या प्रत्येक पोराला हे नाव ठाऊक आहे. लिहिणारा हेन्री ग्रे. पण पुस्तक चाललं ते चित्रांवर, आणि चित्रं काढणारा निराळा होता: हेन्री व्हँडाइक कार्टर, चित्रकाराचा मुलगा, तेव्हा पंचविशीतला. दोघांनी मिळून लंडनमध्ये दीडेक वर्ष प्रेतं फाडली. कार्टरनं चित्रं लाकडाच्या ठोकळ्यांवर काढली, ३६३. त्याची युक्ती अशी की नावं त्यानं अवयवांवरच लिहिली. धमनीवर धमनीचं नाव तिच्या वळणानं, स्नायूवर स्नायूचं. डोळा चित्र आणि यादी ह्यांच्यात भटकत नाही. पोरांना पटकन पाठ होतं. ह्या सगळ्याचे कार्टरला १५० पौंड मिळाले, एकदाच. ग्रेला मात्र पुस्तक खपेल तसे पैसे मिळायचे होते. आणि छपाईच्या वेळी मुखपृष्ठावरचं कार्टरचं नाव आपल्यापेक्षा लहान टाइपात घ्या, असं ह्या ग्रेसाहेबानं खुणेनं सुचवलं. राबणाऱ्याचं नाव बारीक करायची खोड जातीवर नाही, ती सगळीकडं आहे. ग्रे १८६१ साली देवी येऊन मेला, ऐन तिशीत.

आणि कार्टर? पुस्तक बाजारात येण्याआधीच तो बोटीत बसला आणि मुंबईला आला. १८५८. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून जरा वेळ बसलो. जगभरच्या तक्त्यांचा मूळ चित्रकार आपल्या भायखळ्याला होता.

ग्रँट कॉलेज १८४५ साली सुरू झालेलं. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटचं नाव, पहिला प्रिन्सिपॉल डॉ. मोरहेड. शेजारीच जमशेटजी जीजीभाईंच्या पैशातनं बांधलेलं जे. जे. इस्पितळ, तेही १८४५चं, गोरगरिबांसाठी. १८५१ साली पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यात भाऊ दाजी लाड. त्याच्याही आधी १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त नावाच्या वैद्यानं प्रेताला सुरी लावली. त्या दिवशी किल्ल्यावरनं तोफा डागल्या असं सांगतात. मोठी गोष्ट होती, विटाळ मोडला होता, मी ती लहान करत नाही. पण तोफा झाल्या त्या सुरी धरणाऱ्याच्या नावानं. सुरीखालच्याच्या नावानं नाही. आणि मेजाजवळ प्रेत आणून ठेवणाऱ्यांनी, मेज धुणाऱ्यांनी विटाळ कधी मोडायचा? त्यांचा तो धंदाच होता. विटाळ मोडल्याची तोफ वरच्या माणसासाठी असते.

मुंबईत कार्टरसमोर मेजावर जी माणसं आली ती कोण असतील? इस्पितळ गरिबांसाठी. ज्याचं कुणी शहरात आहे तो सोनापुरात किंवा कबरस्तानात. उरला तो, जो कोकणातनं, देशावरनं एकटा आला आणि एकटा मेला.

कार्टर मात्र नुसता चित्रकार राहिला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. मेलेल्यांवरनं तो जित्यांकडं वळला. त्याला अनवाणी पायांचा रोग दिसला. शेतावरच्या माणसाच्या तळव्यात काटा मोडतो. वर्ष-दोन वर्षांनी पाऊल सुजून बेढब होतं, भोकं पडतात, त्यातनं पिवळे-काळे दाणे बाहेर पडतात. मदुरा फूट म्हणत. कार्टरनं सूक्ष्मदर्शकाखाली ते दाणे बघितले आणि सांगितलं, ही बुरशी आहे, मातीतनं आत गेलेली. त्यावर १८७४ साली पुस्तक लिहिलं. पावलात २६ हाडं असतात आणि ती बुरशी हाडंसुद्धा खाते. औषध एकच होतं, पाय कापणं. खरं औषध चांभाराच्या दुकानात होतं, पण वहाण घालायची कुणाला मुभा आणि कुणाला परवडत होती?

दुसरा रोग महारोग. हा तर आमच्या कोकणाचा जुना सोबती. रत्नागिरीत एकोणिसाव्या शतकात दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या नावाचं महारोग्यांचं इस्पितळच होतं. लोक म्हणायचे पूर्वजन्मीचं पाप. कार्टरनं महारोग्यांच्या मज्जातंतूंवर काम केलं. आपलं कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथं कोपराच्या मागच्या खोबणीत एक मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळनं जातो. महारोगात तो दोरीसारखा जाड होतो, मग मरतो. तो मेला की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं, आणि तिथली जाणीव जाते. हाताला विस्तव लागला तरी कळत नाही. बोटं झडतात ती रोगानं झडत नाहीत. न कळलेल्या भाजण्यानं, कापण्यानं, उंदरांच्या चावण्यानं झडतात. नॉर्वेत हानसेननं १८७३ साली महारोगाचा जंतू शोधला, त्याच सुमारास कार्टर तिथं जाऊन बघून आला आणि हिंदुस्थान सरकारला सांगायला लागला की हा लागण होणारा रोग आहे, पापबीप काही नाही. मधली काही वर्षं तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. १८७७ साली दुष्काळातनं जीव घेऊन मुंबईला आलेल्या लोकांमध्ये उलटून उलटून येणारा ताप पसरला. तेव्हा त्यांच्या रक्तात पीळदार जंतू वळवळताना ह्यानंच दाखवला. १८८८ साली तो परत गेला, १८९७ साली वारला.

त्याच्या चित्रांत प्रत्येक शिरेवर नाव आहे. ज्याची शीर त्याचं नाव नाही.

स्वराज्य आलं. १९४९ साली मुंबई राज्यानं बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट केला. इस्पितळात, तुरुंगात किंवा रस्त्यावर मेला, ठरल्या मुदतीत जवळचा नातलग आला नाही, तर प्रेत बेवारस, आणि ते वैद्यकीय कॉलेजाला देता येतं. १८३२चाच नमुना. डॉक्टर घडायला प्रेत लागतं, हे मला मान्य आहे. लाकडी बाहुलीवर शिकलेल्या डॉक्टरकडं मी माझं अपेंडिक्स देणार नाही. पण "मुदतीत आला नाही" हे तीन शब्द नीट बघा. कुणाला यायला किती वेळ लागतो?

माझ्या आज्याचा थोरला भाऊ मुंबईला गिरणीत बदली कामगार होता. कापूस फोडायच्या खात्यात. पंचावन्न-छप्पन सालचा पावसाळा. खोकल्यातनं रक्त पडायला लागलं म्हणून खोलीवाल्यांनी एका इस्पितळात नेऊन घातला. तिथं चौथ्या दिवशी तो गेला. खोलीवाले पाळीवर. इस्पितळाच्या कागदावर गावाचं नाव चुकीचं लिहिलेलं. आगोटी लागली की बोटी बंद, ओढ्या-नाल्यांना पूर, पत्र फिरत फिरत मिरजोळ्याला आलं तेव्हा अकरा दिवस होऊन गेले होते. पणजा मिळेल त्या वाटेनं मुंबईला गेला, चार दारं फिरला, एका बाबूनं वही उघडली, मिटली आणि 'डिस्पोजल झालं' म्हणाला. पणज्याला तो शब्द कळला नाही. सरणावर का खड्ड्यात का कॉलेजात, कुणी सांगितलं नाही. आजा म्हातारपणीसुद्धा म्हणायचा, "माजा भाव मेला, ह्ये खरा. पन त्याला नेलानी कुटं?" घरात बेवारस कुणी नव्हतं. आई होती, बाप होता, तीन भावंडं होती. मधे समुद्र होता आणि सही करणारा बाबू होता.

तो मेजावर गेला असेल तर त्याची फुफ्फुसं कुणीतरी बघितली असतील. त्यात काय दिसतं ते आता पुस्तकात आहे. श्वासाची नळी खाली दोन होते, मग चार, मग आठ, अशी वीस-बावीस वेळा फाटे फुटत जाते, आणि टोकाला द्राक्षांच्या घोसासारखे फुगे, तीसेक कोटी. सगळे पसरले तर आमच्या चाळीतल्या चार खोल्यांहून मोठी जागा होईल. कापसाच्या धुळीनं ह्या नळ्या आवळतात. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलं की छातीवर दगड ठेवल्यागत होतं, आठवड्यात कमी होतं, पुन्हा सुट्टी, पुन्हा दगड. पुढं पुढं तो दगड उतरतच नाही. त्याला बिसिनोसिस म्हणतात. मला नाव माहीत नव्हतं तेव्हापासून दगड माहीत आहे.

आणि थोरला आजा कापूस फोडायच्याच खात्यात का होता, साच्यावर का नव्हता? पगार साचाखात्यात जास्ती. पण धोट्यातली कांडी संपली की नवी घालून भोकातनं सूत तोंडानं ओढून काढायचं असे. अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला दुसरा तोंड लावीना. म्हणून साचाखातं आम्हाला बंद. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल संपवाल्यांच्या तोंडावर टाकला होता. थुंकीच्या मोठ्या ग्रंथी तीन जोड्या: कानापुढं, जबड्याखाली, जिभेखाली. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ. पाणी, क्षार, पिष्ट पचवणारं द्रव्य. जात कुठल्या ग्रंथीतनं सुटते ते कार्टरच्या ३६३ चित्रांत सापडत नाही.

हाडांचाही बाजार झाला. तारेत ओवलेला सांगाडा प्रत्येक कॉलेजात लागतो. जगाला हे सांगाडे पुरवायचा मोठा धंदा कलकत्त्याचा. प्रेतं गोळा करणारे, शिजवून, घासून हाडं पांढरी करणारे डोम लोक. मनूचा चांडाळ कोण, हे पुन्हा सांगायला नको. निर्यातीवर बंदी आली १९८५ साली. तोवर अमेरिका-युरोपातल्या किती पोरांनी २०६ हाडं आपल्या बंगाल-बिहारच्या गरिबांवर मोजली असतील. पुष्कळ सांगाडे अजून तिथल्या वर्गांत हुकाला टांगलेले आहेत.

आजही पुष्कळ सरकारी इस्पितळांच्या शवागारात जाऊन बघा. टेबलाजवळ जाऊन कवटी उघडणारा, टाके घालणारा हात चौथ्या श्रेणीच्या कामगाराचा. डॉक्टरसाहेब नाकाला रुमाल लावून लांबनं लिहून घेतात. पादुआत वेसालिअस १५४३ साली खुर्चीवरनं उतरला, ही बातमी सगळीकडं पोचलेली नाही. आणि त्या कामगाराला यकृत कुठल्या आजारात कसं दिसतं ते डॉक्टरच्या आधी कळतं. त्याला विचारून कुणी पुस्तक लिहिलेलं मी बघितलं नाही.

हल्ली लोक आपणहून देह देतात. मृत्युपत्र करतात, घरचे सह्या करतात, पेपरात नावासकट बातमी येते. चांगली गोष्ट आहे. २०२३ साली आमच्या रत्नागिरीतही सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. पहिल्या वर्षाची पोरं शिकायला सुरुवात करायच्या आधी प्रेतासमोर शपथ घेतात, हा आमचा पहिला गुरू म्हणून. ज्यानं देह दिला त्या गुरूचं नाव कागदावर असतं. ज्याला कुणी न्यायला आलं नाही त्याच्या पायाच्या अंगठ्याला नंबराचा बिल्ला बांधतात. अंगठ्यात हाडं दोन असतात. बाकीच्या बोटांत तीन तीन.